आदुगर मपलं लिव्हा

"आदुगर मपलं लिव्हा, भाऊसाब. मंग त्याचं."

माझ्या टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवायची, डोक्यावरचा पदर सारखा करायचा आणि हे म्हणायचं, ही आक्कांची रीत. आदुगर म्हणजे आधी, मपलं म्हणजे माझं. आष्टीकडं, गेवराईकडं, आमच्या सगळ्या पट्ट्यात असंच बोलतात. तक्रार कुणाचीही असो, पहिली ओळ स्वतःविरुद्ध. नगरपंचायतीच्या आवक-जावकच्या टेबलावर माझी वीस वर्षं गेली. निनावी पत्रं टाकणारे पाहिले, भावाच्या नावानं भावाविरुद्ध अर्ज देणारे पाहिले, सकाळी अर्ज देऊन दुपारी माघार घेणारे तर रोजचेच. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या बाकावर ही मंडळी पाहिली असतील. पण तक्रारीची सुरुवात स्वतःपासून करणारं माणूस मला हे एकच भेटलं, आणि तेही नगरसेवक.

आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. माजी सदस्य वारला की सर्वसाधारण सभेत दोन मिनिटं उभं राहायचं, असा आमच्याकडं शिरस्ता आहे. आक्कांसाठी कुणी उभं राहिलं नाही. अपात्र ठरलेल्या माणसाला माजी सदस्य म्हणायचं की नाही, यावर सभेत थोडी चर्चा झाली, तेवढ्यात चहा आला आणि विषय राहून गेला.

त्या मेंढपाळाच्या घरच्या. तरुणपणी मेंढरांमागं मैलोन् मैल चाललेल्या. पुढं नवऱ्यानं गावाच्या कडेला घर धरलं. तो गेल्यावर त्यांनी मेंढरं विकली, चार-सहा शेळ्या ठेवल्या आणि तिथंच राहिल्या. एक मुलगी चकलांब्याला दिलेली, मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, कायम बाहेर. त्यांच्या माणसांत भांडण निघालं की पंच घोंगडी अंथरून बसत. फिर्याद घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न असे, तुझं काय चुकलं? जो आधी आपली चूक सांगणार नाही, त्याचं पंच ऐकूनच घेत नसत. घोंगडी झटकून उठत. आणि सांगितलेली चूक तिथंच मिटली. ती पुन्हा कुणी उकरून काढायची नाही. आक्का हा कायदा बरोबर घेऊन नगरपंचायतीत आल्या. इथला कायदा वेगळा होता, आणि तो मला पाठ होता.

त्या निवडून आल्या कशा, तेही ऐका. प्रभाग बाईसाठी राखीव निघाला. आमच्या गावात एक आबा आहेत. तेव्हा नुसते पुढारी होते, उपाध्यक्ष पुढं झाले. त्यांना त्या प्रभागात एक नाव पाहिजे होतं. घरात विचारणारं कुणी नाही, कुणाशी वैर नाही, वस्तीत मान आहे, असं नाव. आबा स्वतः गेले आक्कांच्या दारात.

"सही येती का, आक्का?"

"येती की."

"बास झालं मंग. बाकी समदं आमी बघतो."

आबांना वाटलं, सही म्हणजे सगळं मिळालं.

आमच्याकडं बाई निवडून येते आणि नवरा सभेला येतो. बाया आतल्या खोलीत बसतात, चहा पितात, हजेरीचं रजिस्टर आत जातं आणि सह्या होऊन बाहेर येतं. आक्कांना नवरा नव्हता, म्हणून आबांनी त्यांच्या खुर्चीवर आपला पुतण्या बसवला होता. पहिल्या सभेला आक्का आल्या, चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन आपल्या खुर्चीजवळ उभ्या राहिल्या.

"ऊठ रं बाबा. हितं मपलं नाव लिवलंय."

"आक्का, तुमी आत बसा की. चहा घ्या."

"चहा मी घरून पिऊन आले."

पुतण्या आबांकडं बघायला लागला. आबा हसले. "ऊठ बे. बसू दे म्हातारीला. लई हौस हाय तिला." सगळी सभा हसली. आक्काही हसल्या आणि बसल्या. खुर्चीत त्या कधी मागं टेकून बसल्या नाहीत. उठून जायचं असल्यासारख्या कडेला बसायच्या.

महिन्याभरात त्यांची पहिली तक्रार माझ्या टेबलावर आली. वस्तीत चार-चार दिवसांनी पाणी येतं, तेही अर्धा तास. पाणीपुरवठ्याच्या माणसाविरुद्ध लिहायचं होतं. मी पेन उघडलं. "आदुगर मपलं लिव्हा," आक्का म्हणाल्या. "मपल्या नळाला तोटी न्हाई. पाणी येतं तवा वाया जातं. मंग त्याचं लिव्हा." मला हसू आलं, पण लिहिलं. आठ दिवसांत कारवाई झाली. आक्कांना नोटीस निघाली, नळाला तोटी नसल्याबद्दल. पाणी चार दिवसांनीच येत राहिलं.

ती नोटीस त्यांना मीच दिली. वाटलं, आता तरी शहाण्या होतील. त्यांनी ती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तोटी बसवून मला सांगायला आल्या. "बसवली बरं का. तुमच्या कागदात तसं लिव्हा."

मग ते पुस्तक आलं. नव्या सदस्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचं शिबिर होतं. सदस्यानं कसं वागावं, सभेत काय बोलावं, स्वतःच्या फायद्याचा विषय आला तर काय करावं, कुणी तक्रार केली तर ती कशी घ्यावी, असं सगळं एका पातळ पुस्तकात छापलेलं होतं. जाताना ते प्रत्येकाच्या हातात दिलं. आमच्या बहुतेकांची पुस्तकं खुर्चीवर राहिली, एका सदस्यानं परतीच्या वाटेत त्यावर भजी खाल्ली. आक्कांनी आपलं पुस्तक पदराखाली धरून आणलं. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत. दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत त्या यायच्या आणि माझ्याकडून दोन पानं वाचून घ्यायच्या. मी डबा खाता खाता वाचायचो. त्या ऐकायच्या, मध्येच थांबवायच्या.

"हे आबाला ठावं हाय का?"

"त्यांनाही पुस्तक दिलंय, आक्का."

"मंग वाचून घेत नसल कुनाकडून," त्या अगदी मनापासून म्हणायच्या. आबांना चौथीपासून वाचता येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुस्तकात एक नियम होता, की ज्या विषयात आपला स्वार्थ आहे, त्या विषयाला सदस्यानं सभेत बसू नये. सगळ्या राज्यात हा नियम किती जणांनी पाळला असेल, देव जाणे. आमच्या सभेत आक्कांच्या वस्तीतल्या सिमेंट रस्त्याचा ठराव आला. आक्का उठल्या आणि दाराकडं चालू लागल्या.

"आक्का, कुटं निघाल्या?"

"रस्ता मपल्या दारावरून जातो. मी हितं न्हाई बसायचं."

"आवो, रस्ता समद्यांचा हाय!"

"पर दार मपलं हाय ना."

त्या बाहेर शिपायाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आत हात मोजले गेले आणि ठराव एका मतानं कमी पडला. ते एक मत दाराबाहेर उभं होतं. वस्तीतल्या बायांनी त्या संध्याकाळी आक्कांना चांगलंच फैलावर घेतलं. तो रस्ता आजही मातीचा आहे. मी हे इतरांना हसून सांगत असे. आता सांगताना हसू येत नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो.

आमचा आठवडी बाजार मोठा. आजूबाजूच्या वीस-पंचवीस खेड्यांच्या बाया भाजी, कोंबड्या, लसूण-मिरची घेऊन सकाळी येतात आणि दिवस कलल्यावर परततात. बाजारतळावर बायांसाठी मुतारी नाही. पुरुष कुठंही उभे राहतात, त्यांचा प्रश्न कधीच नव्हता. नगरपंचायतीच्या नकाशात बाजारतळाच्या उत्तर कोपऱ्यात 'महिला प्रसाधनगृह' अशी जागा आखलेली होती. माझ्या डोळ्यांनी मी ती पाहिलेली आहे. त्या जागेवर आबांचे सहा गाळे उभे राहिले. गाळे मेहुण्याच्या नावावर, कुलपाच्या किल्ल्या आबांच्या खिशात. तोवर ते उपाध्यक्ष झाले होते.

आक्का स्वतः त्या बाजारात पंधरा-वीस वर्षं शेळ्या विकायला बसलेल्या. एका गुरुवारी पुस्तक बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊसाब, बाया बाजाराच्या दिशी सकाळधरनं पानी पीत न्हाईत. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. माझी बायको त्याच बाजारातून भाजी आणते, तरी नव्हतं.

"मला मुतखडा झालता. डाक्टर म्हनला, पानी कावून पीत न्हाईस? आता त्याला काय सांगू, बाप्याला?" त्यांनी पदर सारखा केला. "ती जागा बायांची हाय. ती सोडवायची. मला दुसरं काय बी न्हाई पायजे ह्या मेंबरकीतून."

एवढंच त्यांचं मागणं होतं. पाच वर्षांच्या सदस्यत्वात एक मुतारी.

सभेत त्यांनी तीनदा विषय काढला. पहिल्यांदा आबा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बायांनी असले विषय सभेत काढू नयेत, बरं दिसत नाही. तिसऱ्यांदा माईक बंद पडला. तेव्हा आक्का माझ्याकडं आल्या. पुस्तकात लिहिलंय ना, सदस्य नियम मोडत असला तर वर तक्रार करायची? मग करायची.

दुपारची वेळ होती. समोरच्या टेबलावर आबांचा पुतण्या पेपर वाचत बसला होता, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून बसला होता. आक्कांनी दोन बोटं टेकवली.

"आदुगर मपलं लिव्हा. मपल्या शेळ्यांचं वाडगं सरकारी जागेत तीन फूट गेलतं. मपल्या मालकानं घातलं, मी तसंच ठिवलं. चूक मपली. परवा मी ते काढून टाकलं. मंग पुढं आबाचं लिव्हा."

माझं पेन थांबलं. सदस्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी सरकारी जागेत काही उभारलं असेल, मग ते शेळ्या कोंडायचं कुंपण का असेना, तर सदस्यत्व जातं. नंतर काढून टाकलं, तरी जातं. पुस्तकात ते शेवटी होतं. आमचं वाचन तिथवर पोचलं नव्हतं. पण मला ते कलम तोंडपाठ होतं.

"आक्का, ही ओळ कशाला? त्याबद्दल कुणी काही म्हणालेलं नाही."

"म्हनूनच. कुनी म्हनायच्या आदी सांगावं."

"अडचण येईल."

"कसली?"

पुतण्याच्या हातातला पेपर जरासा खाली आला. मला एवढंच म्हणायचं होतं, की आक्का, यानं तुमची जागा जाईल. पाच-सहा शब्द. मी म्हणालो, "कागद उगाच लांबतो."

"लांबू द्या," आक्का म्हणाल्या.

आणि मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. त्यांना वाचता येत नव्हतं. मी ती ओळ गाळून बाकीचं लिहिलं असतं, तर त्यांना कळलंही नसतं. हे मला त्या दिवशीच सुचलं होतं. मग मनात आलं, उद्या त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर आपण खोटे ठरू. खोटं ठरायची मला फार भीती. बघा, या माणसावर लिहायला बसलो, म्हणजे माझी चूक पहिल्या ओळीत यायला हवी होती. मी ती इतकी पानं मागं ढकलली. सवय कुठं जाते!

पुढचं फार सरळ झालं. तक्रार वर, जिल्ह्याच्या कचेरीत गेली. वरून ती आमच्याकडंच अहवालासाठी परत आली, कारण आमच्या नगरपंचायतीतल्या गैरप्रकाराची चौकशी आमच्याच नगरपंचायतीनं करायची असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला एक प्रत देऊन त्याचं म्हणणं मागवायचं, हाही नियम. आबांना प्रत मीच दिली. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आयला, म्हातारीनं स्वतःच लिहून दिलंय की बे!" मग माझ्याकडं बघून एकदम प्रेमानं म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय तुमचं."

त्याच दुपारी पुतण्या त्या अर्जाची नक्कल मागायला आला. नक्कल देणं माझं काम. दुसऱ्या दिवशी आक्कांविरुद्ध तक्रार दाखल झाली. एक पान. सोबत पुरावा म्हणून आक्कांचाच अर्ज, खाली त्यांची वाकडी सही.

त्या एका पानाला पाय फुटले. आमच्या कचेरीत टपाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला आठवडा लागतो. हे पान चार दिवसांत वर पोचलं आणि सातव्या दिवशी पंचनाम्याचा हुकूम घेऊन आलं. आम्ही पंचनाम्याला गेलो. वाडगं तर तिथं नव्हतंच. जमिनीत लाकडी मेढी पुरल्याचे चार खड्डे होते, त्यात कोंबड्या अंग घुसळत होत्या. ते खड्डे मोजले. आक्कांनीच टेपचं दुसरं टोक धरलं. मोजणाऱ्यानं तीन फूट सांगितले, तर त्या म्हणाल्या, "नीट धरा. साडेतीन भरतंय."

घरात जाऊन त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा केला. शेळीच्या दुधाचा. आबांचे दोन पंचही प्याले.

गाळ्यांच्या पंचनाम्याला मात्र मुहूर्त लागेना. एकदा मोजणीदार रजेवर गेला. एकदा गाळ्यांचा मालक बाहेरगावी, म्हणजे मेहुणा. मग वरून विचारणा आली, की त्या जागेचा मंजूर नकाशा पाठवा. नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात होता. आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शोधून बघा. नाही सापडला तर तसं कळवा." मी बाहेर आलो. कपाट उघडलं नाही. 'नकाशा कार्यालयात आढळून येत नाही', असं कळवलं. त्यावर सही साहेबांची, अक्षर माझं. झ्याक अक्षर.

सुनावणीला मीही संचिका घेऊन गेलो होतो. आक्कांच्या वकिलानं त्यांना जिन्यातच पढवलं होतं, की वाडगं नवऱ्यानं घातलेलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणायचं. मग काहीतरी करता येईल. आतले अधिकारी तसे वाईट नव्हते. त्यांनी अर्ज पुढं केला आणि विचारलं, "बाई, हे तुमचंच लिहिणं आहे?"

"लिवलं ह्या भाऊसाबांनी. सांगितलं मी."

"वाडग्याबद्दल तुम्हाला माहीत होतं?"

वकील खोकला. आक्का म्हणाल्या, "रोज शेळ्या बांधीत होते, सायेब. ठावं कसं न्हाई असल?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटलं असावं. "काढून टाकलंत, ते चांगलं केलंत. पण कायद्यात काढल्यानं सुटका होत नाही."

"व्हय का," आक्का म्हणाल्या. "मंग ज्यानं न्हाई सांगितलं, न्हाई काढलं, त्याचं?"

"ते प्रकरण वेगळं आहे. त्यात अजून नकाशा आलेला नाही."

मी संचिकेकडं बघत होतो. आक्कांनी तेव्हा माझ्याकडं पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

त्या अपात्र ठरल्या. आमच्या नगरपंचायतीत गैरवर्तनासाठी काढलेला पहिला सदस्य म्हणजे आक्का. पोटनिवडणूक लागली आणि आबांची भावजय बिनविरोध आली. ती आत बसून चहा पिते.

निकालानंतरच्या गुरुवारी आक्का दुपारच्या सुट्टीत आल्या. मला वाटलं, येणार नाहीत. त्यांनी ते पातळ पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. "हे जमा करून घ्या. मी आता मेंबर न्हाई."

"ते परत द्यायचं नसतं, आक्का. ठेवा तुमच्याकडं."

"मला कुटं वाचता येतं?"

मी डबा मिटला. त्यांनी बोटं टेकवली नाहीत. उभ्याच राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊसाब, एक विचारू? वकील म्हनला, त्या एका ओळीनं झालं समदं. तुमाला ठावं होतं का?"

समोरच्या टेबलावर त्या दिवशी कुणी नव्हतं. पुतण्या नव्हता, साहेब दौऱ्यावर होते, शिपाई बाहेर तंबाखू मळत होता. मला अडवणारं कुणीही नव्हतं. मी म्हणालो, "तसं नक्की नव्हतं माहीत."

आक्कांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. राग नव्हता त्यात. पंचांपुढं बसलेला माणूस आपलं सांगतोय का, याची वाट पाहावी, तसं त्यांनी पाहिलं. मी काही सांगितलं नाही. "बरं," असं म्हणून त्या गेल्या. मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

चार-सहा महिन्यांनी वरून त्यांच्या मूळ तक्रारीचं उत्तर आलं. तक्रारदार आता सदस्य राहिलेल्या नाहीत, मागितलेला नकाशा उपलब्ध नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. प्रत अर्जदारास द्यावी. शिपायाला पाठवता आलं असतं. मी स्वतः निघालो. का, ते अजून मला धड सांगता येत नाही. बहुधा मनात होतं, की आज सांगून टाकू.

घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "बाजाराच्या दिशी त्या घरी नसत्यात. गाळ्यांमागं बघा."

गाळ्यांच्या मागं भिंत आणि ओढा यांच्यामध्ये दहा-बारा हातांची बोळ आहे. मी वळलो आणि आतून आवाज आला, "थांबा तितंच! तोंड तिकडं करा!"

मी तोंड फिरवलं. पण वळता वळता दिसलं ते दिसलंच. आक्का आणि एक भाजीवाली, दोघी एका काळ्या घोंगडीची दोन टोकं ताणून आडोसा धरून उभ्या होत्या. अलीकडं बाया टोपल्या खाली ठेवून आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. सभेत विषय काढून, वर तक्रार करून जे झालं नाही, ते या बाईनं दोन हातांनी चालवलं होतं. बाजार भरल्यापासून उठेपर्यंत, दर आठवड्याला. आणि मला गावात कुणी बोललं नव्हतं, किंवा बोललं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

"कोन, भाऊसाब व्हय?"

"हो. आक्का, वरून उत्तर आलंय तुमच्या तक्रारीचं."

"आलं?" आवाज एकदम उजळला. इतक्या दिवसांनीही त्या वाट बघत होत्या, हे मला तेव्हा कळलं. "वाचा की मंग. मपले हात गुतलेत."

त्यांच्याकडं पाठ करून, समोरच्या रिकाम्या वाटेकडं बघत मी ते पत्र वाचलं. विषय, संदर्भ, सगळं वाचलं. मागं बायांची कुजबुज चालली होती ती थांबली.

"निकाली म्हंजी?" आक्कांनी विचारलं.

"म्हणजे संपलं, आक्का."

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, कुणीतरी टोपली उचलली. आता सांगावं, असं मला वाटलं. नकाशा कपाटात आहे, आक्का. मला कलमही माहीत होतं. मी तोंड उघडलं.

"संपलं कुटं," आक्का म्हणाल्या. "अजून चार बाया हायत्या. तुमी तितनं हलू नका, भाऊसाब. बापे यायलेत इकडं."

खरंच दोन माणसं बोळीच्या तोंडाशी आली होती. मी हात आडवा करून त्यांना परत फिरवलं. चारही जणी उरकेपर्यंत तसाच उभा राहिलो, हातातला कागद खिशात घातला आणि मागं न बघता कचेरीत आलो. टपाल वहीत 'समक्ष दिले' असं लिहिलं. त्यानंतर आक्का मला दिसल्या नाहीत.